मेंढीडाक्टरची राजदूत

गेनूभाऊनं मला फसवलं. आळेफाट्याजवळ माझं जुन्या मोटारसायकलींचं दुकान आहे. पंचवीस वर्षं घासाघीस करून ते उभं केलंय, आणि एवढ्या वर्षांत जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत मला फसवणारा हा एकच निघाला. म्हणून ते आधीच सांगून टाकलं. आता माणूस कसा आहे ते ऐका.

तुम्ही हॉटेलबाहेर गाडी लावून चहाला आत गेलात आणि बाहेर येऊन बघता तर साठी उलटलेला, टोपी मागे सरकवलेला एक माणूस तुमच्या टाकीचा रंग नखानं खरवडतोय, तर समजा पिंपळवंडीचा गेनूभाऊ भेटला. तुम्ही ओरडणार, "ओ, काय चाललंय?" तो मान वर न करता सांगणार, "वरचा काळा तुमचा. खालचा निळा आधीच्या मालकाचा. त्याच्याबी खालचा बघतोय. सरकारी आसंल तर घावंल."

याला नाद आहे तो सरकारी नोकरीतून निघालेल्या मोटारसायकलींचा. एखादं खातं जुन्या गाड्या लिलावात काढतं, त्या कुणी घेतं, रंग बदलतो, नंबर बदलतो, आणि साहेबाची गाडी दुधाच्या किटल्या वाहायला लागते. गेनूभाऊ उलटा प्रवास करतो. आज गाडी कुणाकडं आहे, त्याआधी कुणाकडं होती, त्याआधी कुठल्या खात्यात होती. विचारा कशासाठी? उत्तर एकच. "गाडीलाबी सर्व्हिस आसती राव." सगळं वह्यांत लिहिलेलं. गाडीची नेमणूक, गाडीची बदली, गाडीची निवृत्ती. एकदा मला म्हणाला, "ही आधी जुन्नरला व्हती. मग हिची बदली घाटघरला झाली. तिथल्या पावसानं हिची तब्येत बिघडली." मी म्हणालो, "मग रजेचा अर्ज टाकला का हिनं?" हसला नाही. वही उघडून म्हणाला, "दोन महिनं उभी व्हती. लेखी हाय माझ्याकडं."

हे 'लेखी हाय माझ्याकडं' ऐकून माणसाचं डोकं फिरतं. लग्नाला गेला तर हा मांडवात बसत नाही, बाहेर लावलेल्या गाड्यांमधून फिरतो. अक्षता तिथूनच टाकतो. ओतूरच्या एका गवळ्याला यानं भर चौकात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "भाऊ, तुझ्या गाडीवर पूर्वी डासांचं औषध वाहायचं. लेखी हाय." चार दिवसांत गवळ्याचा निम्मा रतीब तुटला. गवळी काठी घेऊन पिंपळवंडीला गेला, तर यानं त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि औषधाच्या डब्यांचा आकडा वाचून दाखवला.

बायको गेली, पोरं चाकणला कंपनीत. घरात माणूस एक आणि वह्या कपाटभर. असल्या माणसाला मी शहाणा का समजावं?

आता माझ्या नुकसानीचं. माझ्याकडं एक जुनी राजदूत आली होती. तिला मी हिरवा रंग दिला आणि फौजेची गाडी म्हणून उभी केली. धंद्यात रंग द्यावा लागतो, त्यात मला लाज नाही. पुण्याचं गिऱ्हाईक आलं, गाडीवर बसून फोटो काढले, सौदा ठरत आला, आणि नेमका हा उगवला. नख लावलं. खाली वाकला, चेसिस नंबरावरची माती थुंकी लावून सदऱ्याच्या टोकानं पुसली. वही उघडली, मिटली.

"फौज कसली पावणं! मेंढ्यांना टोचायला फिरायची ही. लेखी हाय."

गिऱ्हाईक गेलं. मी गेनूभाऊला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. त्यानं त्या सगळ्या ऐकल्या आणि म्हणाला, "आता ही कोण घेणार शेठ? माझी चालू गाडी घे, ही मला दे."

गिऱ्हाइकाला वस्तू मनापासून हवी असली की मला कळतं. त्याचा आवाज बारीक होतो, किंवा तो उगाच दुसऱ्याच गाडीची चौकशी करतो. याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. एसटीची वाट बघणाऱ्याचं असतं तसं तोंड. मी अदलाबदल केली, वर त्याच्याच गाडीला नवे टायर टाकून घेतले आणि दिवसभर मिशीत हसत होतो.

आठ दिवसांनी फाट्यावर बघतो तर हा पेढे वाटतोय.

"काय गेनूभाऊ, नातू झाला का?"

"न्हाई. गाडी घावली."

पेढे! अहो, घेणारा पेढे वाटतो याचा अर्थ विकणारा बुडाला. मी त्याची बखोट धरली. तेव्हा कळलं ते असं. पन्नासेक वर्षांपूर्वी यांची मेंढरं आणे गावाच्या पठारावर होती. जनावरांच्या दवाखान्याचा तरुण माणूस सरकारी राजदूतवरून मेंढ्यांना लस टोचायला यायचा. लोक त्याला मेंढीडाक्टर म्हणायचे.

"भर दुपारी आईला फुरसं चावलं," गेनूभाऊ म्हणाला. "डाक्टरनं सुई तिथंच टाकली, आईला गाडीवर घेतलं, मागं मामा बसला. मी मेंढरांपाशी ऱ्हायलो. धूळ दिसंना तवर बघत व्हतो."

"वाचली?"

"तीस वरसं जगली. पण आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरलो, माघारी आलो तर डाक्टरची बदली झालेली. आईनं त्यांच्यासाठी काळं घोंगडं विणून घेतलं व्हतं. ते तसंच ऱ्हायलं."

पुढं त्याला जुन्नरच्या रद्दीच्या दुकानात त्या गाडीचं लॉगबुक मिळालं. पहिल्या पानावर चेसिस नंबर. तेव्हापासून हे सगळं खरवडणं. मी विचारलं, "डाक्टर कुठाय?" म्हणाला, "घोडेगावला. कवाच घावला. पण मोकळ्या हातानं कसं जायचं? गाडी घिऊनच जायचं ठरवलं व्हतं."

मला कळवळा आला असं समजू नका. मी म्हणालो, "तुला गाडी हवी होती हे तू लपवलंस. अदलाबदल रद्द." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "चल माझ्यासंगं घोडेगावला. डाक्टर म्हणालं, ही माझी गाडी न्हाई, तर गाडी तुझी." असला सौदा कोण सोडतो? मी मागं बसलो.

डाक्टर ऐंशीच्या घरात. मफलर गुंडाळून ओट्यावर चहा पीत होते. गेनूभाऊ त्यांच्यापुढं ताठ उभा राहिला. आयुष्यभर ज्या आवाजात परक्यांच्या गाड्यांची चौकशी केली, तोच आवाज लावला.

"ही गाडी तुमच्याकडं व्हती. खरं सांगा. लेखी हाय माझ्याकडं." लॉगबुक उघडून पानावर बोट ठेवलं. "या दिवशी तुमी आणे पठार, लसीकरण असं लिवलंय. पण गाडी गेली व्हती माणसांच्या दवाखान्यात. ही सही तुमचीच ना?"

डाक्टरांनी बशी खाली ठेवली आणि लॉगबुक बोटानं लांब सारलं.

"ही गाडी मी कधी चालवली नाही. सही माझी नाही."

"आठवा की डाक्टर. एक बाई व्हती..."

"सरकारी वाहनावर मी खाजगी व्यक्ती कधीही बसवलेली नाही!"

गेनूभाऊनं गोंधळून पिशवीतून घोंगडं काढलं आणि पुढं केलं. डाक्टर खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकले. "असल्या वस्तू आम्ही घेत नाही. उचला ती." आतून त्यांची बायको आली, हात जोडून म्हणाली, "अहो साहेब, आम्हाला दोघांना ती पेन्शन तेवढीच आहे."

मला तिथंच उमगलं. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या त्या माणसाला वाटलं, चौकशी आली. मी एक वाक्य बोललो असतो तर म्हातारा हसला असता. पण नकार माझ्या फायद्याचा होता, आणि आपल्या बाजूनं झुकलेला सौदा मी आजवर कधी बिघडवलेला नाही. गप्प बसलो. त्याचं काय ते माझं मी बघीन.

बाहेर येऊन गेनूभाऊनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "माझंच चुकलं. गाडी दुसरीच आसंल." वही काढली, त्या गाडीच्या पानावर आडवी रेघ मारली आणि घोंगडं काखेत मारून एसटी स्टँडकडं चालू लागला. मी हाक मारली तर हात हलवला, मागं बघितलं नाही.

महिना झाला. गेनूभाऊ पिंपळवंडीबाहेर पडलेला नाही. दोनदा त्याच्या घरी जाऊन सगळं समजावून सांगितलं. तो म्हणतो, "डाक्टर स्वतः न्हाई म्हणालं. आता तू सांगून काय व्हतंय?" गाडी माझ्या दुकानात उभी आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन आला, त्याला मी असा भाव सांगितला की त्यानं फोन ठेवला.

तर डाक्टर, आता तुम्ही बोला. त्या दिवशी लॉगबुकात खोटं लिहिलंत ते फार चांगलं केलंत. पण ओट्यावर बसून जे खोटं बोललात त्याचं काय? तुमची पेन्शन कुणी बंद करत नाही. चौकशी नाही, साहेब नाही, समोर आला होता तो एक मेंढपाळाचा मुलगा होता. आण्याच्या पठारावरून त्याच्या आईला दवाखान्यात कुणी नेलं? मी गाडी घेऊन घोडेगावला येतोय, गेनूभाऊला ओढून आणतोय. त्याच्या तोंडावर उत्तर द्या.