प्रेस क्रमांक सातचा अर्ज

आमच्या कारखान्यात कोणत्याही अपघाताला घडण्यापूर्वी आठ दिवस लेखी अर्ज करावा लागे, आणि तो आवक-जावक विभागात, म्हणजे माझ्याकडे, समक्ष आणून द्यावा लागे.

कारखाना एमआयडीसीत होता. आम्ही मोटारसायकलींची चेनकव्हरं बनवायचो. दर सोमवारी साडेनऊला माझ्या टेबलासमोरच्या बाकावर अपघात येऊन बसत. घसरून पडण्याचा अपघात सगळ्यांत नेमाचा. त्याच्या अर्जासोबत कंप्रेसरखाली साचलेलं तेल बाटलीत भरून जोडलेलं असे. डोळ्यात कण जाण्याचा अपघात ग्राइंडिंगवाल्यांचे चष्मे कपाळावर असल्याचे दोन फोटो आणायचा. कंबर धरण्याचा अपघात स्वतः मात्र पाठ अगदी ताठ ठेवून बसायचा.

नियम सोपा होता. अर्जाला कारण जोडलेलं हवं. ठरल्या वेळी ते कारण जागेवर नसेल, तर अर्ज निकाली. मी प्रत्येक अर्ज संबंधित खात्याकडे अभिप्रायासाठी पाठवायचो. अभिप्राय लिहिण्यापेक्षा तेल पुसणं खात्याला सोपं वाटायचं. अशा रीतीने फाटकावरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस : ६११’ इतका आकडा चढला होता. त्याचं श्रेय सुरक्षा समितीला मिळालं. तिची बैठक वर्षातून एकदा, बटाटेवड्यांसह होत असे.

त्या सोमवारी बाकावर नवा चेहरा होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर फाइल.

“आपण?”

“बोटं तुटण्याचा अपघात. प्रेस शॉप.”

“आमच्याकडे पहिल्यांदाच?”

“पूर्वी येऊन गेलोय. तेव्हा अर्जाची पद्धत नव्हती.”

अर्ज सुवाच्य होता. जागा : प्रेस क्रमांक सात. वेळ : पुढचा मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. अवयव : उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. व्यक्ती : शिवलिंग माळगे.

मी खुर्चीतून उठलो. तीस वर्षांच्या नोकरीत अर्ज वाचून मी पहिल्यांदाच उठलो असेन. त्या मंगळवारनंतरच्या रविवारी आमच्याच कॅन्टीनमध्ये औद्योगिक वसाहतीच्या कॅरम स्पर्धेची अंतिम फेरी होती. अकरा वर्षं ढाल शेजारच्या फाउंड्रीत अडकली होती, आणि यंदा अंतिम फेरीत आमचा माळगे होता. तो स्ट्रायकर मारायचा तो याच तर्जनीने.

जोडपत्र म्हणून सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा टाचलेला होता. तो मी ओळखला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात बाहेर राहतात. आमच्याकडे उजवं बटण ट्यूबने कायमचं दाबून बांधत, डावं डाव्या हाताने दाबत, आणि मोकळ्या उजव्या हाताने आत पत्रा सरकवत. तासाला चाळीस नग जास्त निघायचे. ट्यूब स्टोअरमधून रीतसर मागणीपत्रावर मिळायची. मागणीपत्रावर आवक क्रमांक माझ्याच अक्षरात असे.

मी अर्ज घेऊन तसाच प्रेस शॉपमध्ये गेलो. माळग्याने तो वाचला आणि हसला.

“भाऊसाहेब, बावीस वर्षं झाली मला या मशीनवर. माज्या बोटास्नी डोळं हायती.”

“त्यांचे नंबर तपासलेस का?”

“तुमी आपलं शिक्कं मारा. रविवारी ढाल आणतो, मग बोला.”

निंबाळकर साहेब आमचे मॅनेजर. त्यांनी तातडीची बैठक घेतली आणि टेबलावर मूठ आपटून निर्णय दिला : माळगेला मंगळवारी भरपगारी रजा! टाळ्या झाल्या. प्रेस शॉपचे सुपरवायझर चौगुले यांनी तर ‘माळगे आगे बढो’ अशी घोषणाही दिली.

दुसऱ्या दिवशी अपघात दुरुस्तीपत्र घेऊन आला. माळगेचं नाव खोडून बदली कामगार दिलीप कोष्टी याचं घातलं होतं. कोष्टी लगेच आजारी पडला. अपघाताने अय्याज मुल्लाचं नाव घातलं. मुल्लाच्या मेहुणीचं लग्न निघालं. शनिवारपर्यंत प्रेस शॉपचे नऊजण रजेवर होते आणि अर्जावर खाडाखोडीला जागा उरली नव्हती.

“चौगुले, उत्पादन थांबता कामा नये. तुम्ही बसा सातवर,” साहेब म्हणाले.

“साहेब, मला रक्त बघवत नाही.”

“दुसऱ्याचं?”

“कुणाचंच, साहेब.”

साहेब भडकले. “ढाल आणायची आहे की नाही? मग मी स्वतः बसतो!”

कोपऱ्यात बसलेल्या अपघाताने पेनाचं टोपण काढलं. “साहेब, आपलं पूर्ण नाव?”

साहेबांचा उजवा हात हळूच खिशात गेला. मी अपघाताला विचारलं, “दुरुस्ती फक्त नावातच होते का? जोडपत्रात नाही?”

“जोडपत्र एकच आहे. व्यक्ती कोणीही चालते.”

“आणि ट्यूबच नसली तर?”

“मग माझं काय काम?”

सगळे चौगुल्यांकडे बघू लागले. चौगुले छताकडे बघत पुटपुटले, “तासाला चाळीस नग...”

त्यावर निर्णय झाला नाही. विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवला. पुढील बैठक बुधवारी होती.

मंगळवारी अकराला प्रेस शॉपमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रजेवरचे नऊच्या नऊ बघायला आले होते. अपघात हातात घड्याळ घेऊन सातशेजारी उभा होता. साडेअकराला माळगे रजेचा अर्ज फाडत आत आला आणि आपल्या स्टुलावर बसला. अपघाताने यादीतली सगळी नावं खोडून पुन्हा त्याचं लिहिलं.

“उठ की रं शिवा!” कोणीतरी ओरडलं.

“माजं मशीन हाय. दुसऱ्याची बोटं कशाला?”

“मग ट्यूब तरी सोड!” चौगुले कळवळून म्हणाले.

“आता सोडली तर फाउंड्रीवाले म्हणतील, माळगे भ्याला.”

त्याने पत्रा उचलला. अकरा पस्तीस झाले होते. मी कॅन्टीनमधून आणलेला स्ट्रायकर खिशातून काढला आणि मशीनच्या कडेवर ठेवला.

“माळगे, मधलं बोट आणि तर्जनी मुडप. आता हा मार.”

“ही काय येळ हाय, भाऊसाहेब?”

“रविवारी असाच मारायचा आहे. सराव नको?”

त्याने दोन बोटं मुडपली आणि करंगळीने टिचकी मारली. स्ट्रायकर वाकडा गेला आणि भंगाराच्या पेटीत पडला. माळगे त्या पेटीकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून चाकू काढला, अकरा अडतीसला ट्यूब कापली आणि मला म्हणाला, “हुडकून द्या तो स्ट्रायकर.”

अकरा चाळीसला प्रेस दोन हातांनी खाली आली. अपघाताने वाकून पाहिलं. “जोडपत्र जागेवर नाही.”

मी ‘निकाली’चा शिक्का मारला. त्याने पोच मागितली, मी दिली. मग लगेच उरलेल्या तेरा प्रेसच्या ट्यूबाही मी सोडवून घेतल्या, कारण हा गृहस्थ उद्या तेरा अर्ज आणणार हे मला दिसत होतं. तेरा आवक क्रमांक घालायचे कोणी?

रविवारी कॅन्टीन तुडुंब भरलं होतं. अपघात तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याचं तिकीट माझ्याकडूनच. शेवटच्या बोर्डात राणी एका कोपऱ्याला चिकटून बसली होती, तिच्यापुढे फाउंड्रीवाल्याची सोंगटी. माळग्याने तर्जनी ताणली. स्ट्रायकर उलट्या कडेवर आपटून आला, राणी आत गेली आणि मागोमाग कव्हरची सोंगटीही. छप्पर उडेल असा ओरडा झाला. चौगुले रडत होते. निंबाळकर साहेब टेबलावर चढले. नऊच्या नऊ जण माळगेला खांद्यावर घ्यायला धावले.

माझ्या पाठीवर कोणीतरी टकटक केलं. बोटं तुटण्याचा अपघात होता. सोबत टोपी घातलेले एक जाडसर गृहस्थ.

“हे माझे चुलतभाऊ. डोक्याचं काम बघतात. यांचा तातडीचा अर्ज आहे.”

मी वाचला. व्यक्ती : शिवलिंग माळगे. अवयव : कपाळ. कारण : कॅन्टीनच्या छताचा पंखा, वेग पाचवर. 

“आठ दिवसांचं काय?”

“मिरवणुकीला सवलत आहे,” टोपीवाले म्हणाले.

मी भिंतीपर्यंत चालत गेलो आणि बटण बंद केलं. माळगे खांद्यावर वर चढला तेव्हा पाती शेवटचा वळसा घेत होती. त्याने तर्जनी आणि मधलं बोट लावून पंखा थांबवला आणि ढाल डोक्यावर धरली.

शिक्का सोबत नव्हता, म्हणून मी पेनानेच ‘निकाली’ लिहिलं. टोपीवाल्यांनी पोच मागितली. ती मी वड्याच्या कागदावर लिहून दिली.