घरगाडीच्या छपरावर

"एसी म्हणजे काय, आडवी पडलेली लिफ्टच की!" असं जाहीर करून लिफ्टवाले काका सकाळी नऊ वाजता शिडीवर चढले.

एसीचा आणि लिफ्टचा संबंध काय, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. काकांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन पलंग, वीतभर स्वयंपाकघर आणि छपरावर भला मोठा एसी. अंगणात ती घराच्या विजेला जोडून उभी असायची. एसी सुरू केला की आजाऱ्यासारखा कण्हायचा आणि गरम वारा सोडायचा.

आणि नेमका तोच चालायला हवा होता! दोन दिवसांच्या रस्त्यावर काकूंची थोरली बहीण राहत होती. गुडघ्यांमुळे ती येऊ शकत नव्हती आणि लिफ्ट सोडून काका कधी जाऊ शकले नव्हते. अकरा वर्षं बहिणी फोनवरच भेटत होत्या. आता उद्या पहाटे निघायचं ठरलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यात काकू उकाड्याने चक्कर येऊन पडल्या होत्या, म्हणून मुलाने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, मी संध्याकाळी सहाला थर्मामीटर घेऊन येतो. गाडी आतून गार झाली तर जा. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

"सहाला येताना स्वेटर घालून ये!" काका म्हणाले होते.

त्या एसीच्या फ्यूजवर काकांचा भारी जीव. नव्या जमान्याची नाजूक बटणं त्यांना पटत नसत, म्हणून जुन्या लिफ्टमधला मुठीएवढा चिनी मातीचा फ्यूज त्यांनी गाडीतल्या कपाटात आणून बसवला होता. लिफ्टच्या कामात त्यांचा एकच नियम असे. आत उतरण्याआधी फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. मग कोणी कितीही बटणं दाबोत, लिफ्ट हलत नाही. खिसा आपला, तर जीव आपला!

त्या दिवशी मात्र उत्साह उतू चालला होता. काकांनी फ्यूज नुसता पाहिला, "ठणठणीत!" म्हणाले, शर्ट काढून दाराच्या खिळ्याला लावला आणि बनियनवर छपरावर गेले. थोड्या वेळाने काकू खालून काहीतरी ओरडून सांगत होत्या. काकांचं डोकं एसीच्या झाकणात होतं.

"बरं बरं!" ते म्हणाले. हे दोन शब्द नवऱ्यांना कुणी शिकवावे लागत नाहीत.

दुखणं तासाभरात सापडलं. झाकणाखाली पाखरांनी ऐसपैस घरटं बांधलं होतं आणि पिलं उडूनही गेली होती. काकांनी घरटं हळूच उचलून झाडाच्या बेचक्यात ठेवलं, जाळी ब्रशने घासली, पंखा पुसला, ऐटीत खाली उतरून बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. सकाळी निदान कण्हत होता, आता कण्हणंही बंद!

"झालं का हो?" घरातून काकूंचा आवाज आला. त्या बहिणीसाठी बॅग भरत होत्या.

"होतच आलं!" काका म्हणाले, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण आता 'बिघडलं' म्हणायची सोय उरली नाही.

बारा वाजेपर्यंत एसीची आतडी छपरावर पसरली होती. एक वाजता काकांनी अभिमान गिळून गल्लीतल्या फ्रिजवाल्याला बोलावलं. तो आला, आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"फ्यूज बघितलास?"

"छत्तीस वर्षं!" काका कडाडले. "छत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला तू फ्यूज विचारतोस? मी तुला विचारतो का, फ्रिजचं दार लावलंस का म्हणून?"

"बरं बाबा, राहिलं!"

"आणि हळू बोल. हिला कळता कामा नये."

मग दोघांनी कुजबुजत आतलं छत उघडलं. त्यातलं साठलेलं गढूळ पाणी भसकन काकूंच्या नव्या उशीवर पडलं. उशी पालथी घातली. सगळं उलगडलं, जोडलं, पुन्हा उलगडलं. शेवटी सगळं बसवूनही दोन स्क्रू उरले.

"हे जास्तीचेच असतात," फ्रिजवाला म्हणाला.

साडेपाचला छपरावर शेवटचा नट आवळताना त्याचा पाय शिडीला लागला आणि शिडी अंगणात आडवी झाली. झालं! लिफ्टवाला वर आणि खाली यायला साधन नाही!

"वहिनींना हाक मार," फ्रिजवाला म्हणाला.

"मेलो तरी नाही."

दोघं छपरावर पाय सोडून बसले. खिडकीतून काकू दिसत होत्या. फोन खांद्याने कानाशी धरून बॅगेची चेन ओढत बहिणीला सांगत होत्या, "अगं हो, उद्या निघतोच आहोत! दारात खुर्ची टाकून बसशील? आत्तापासून?" आणि हसत होत्या. अकरा वर्षांत काकांनी असं हसणं ऐकलं नव्हतं. त्यांचा जीव गलबलला. फ्रिजवाला उगाचच पान्यावरची धूळ पुसत राहिला.

सहाला मुलगा आला. त्याने शिडी लावून दोघांना उतरवलं. काकूही बाहेर आल्या.

"किल्ली घे," काका मुलाला म्हणाले. मग काकूंकडे वळले. "अगं, हरलो मी. दुपारपासून खोटं बोलतोय तुझ्याशी. हा सुरूच होत नाही."

काकूंनी फोन हातात घेतला. "असू दे हो. फोन करते ताईला, खुर्ची आत घे म्हणावं." आणि पदराने त्यांचा घाम टिपत म्हणाल्या, "आधी शर्ट घाला. पाठ बघा कशी भाजून निघालीय."

काकांनी शर्ट अंगात घातला. छातीशी काहीतरी दणकन आपटलं. खिशात हात घातला, तर चिनी मातीचा फ्यूज!

"हा इथे कसा?"

"म्हणजे? मीच ठेवला ना!" काकू म्हणाल्या. "तुम्ही फ्यूज न काढताच चढलात. मी उपसला आणि तुमच्या खिशात टाकला. ओरडून सांगितलं, तुम्ही 'बरं बरं' म्हणालात!"

"विचारलं होतं मी, एक वाजता!" फ्रिजवाला ओरडला.

काकांनी मुकाट्याने जाऊन फ्यूज बसवला, बटण दाबलं. एसी घुमला आणि चारदोन पिसं उडवत गार वारा आला. मुलगा थर्मामीटर धरून बसला. पंधरा मिनिटांनी त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली आणि फ्रिजवाल्याला चहाला घेऊन गेला.

गार गाडीत दोघंच उरली.

"तुला फ्यूजचं लक्षात कसं राहिलं गं?"

"छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी काय बघत होते मी? तुमच्या शर्टाचा खिसा! काळा डाग असला की समजायचं, आज फ्यूज काढून काम केलंय. डाग नसला की रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हणून तर डागावरून कधी बोलले नाही तुम्हाला."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी काकूंचा हात धरला.

"आणि मी वेडा," ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तू खिशात सिगारेट शोधतेस."

"सिगारेट खिशात कशाला शोधू?" काकू वाऱ्याकडे तोंड करत म्हणाल्या. "त्या तुमच्या डाव्या मोज्यात असतात!"