आडव्या बातम्या

हाडांच्या डॉक्टरांनी आशा सोडलेला गुडघाही फिजिओबाईंनी मनावर घेतला की महिन्याभरात जिना चढायला लागतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधून खेळाची कपाटाएवढी एक पेटी त्या टेम्पोत घालून घरी घेऊन आल्या, तेव्हा कुणी फारसा विरोध केला नाही. त्यांचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही चालते?"

"नाही. चालवायची आहे."

"आणि खर्च?"

"पेटीचे दिले तेवढेच. यापुढे बाहेरून एक खिळासुद्धा आणायचा नाही. सगळं घरातलं वापरायचं."

नवऱ्याने मान डोलावली. घरातलं म्हणजे नेमकं काय काय, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

बाईंचा या खेळावर जुना राग होता. शाळेत असताना त्या पार्लरमध्ये भावाच्या पाठीमागे उभ्या राहून त्याच्या खांद्यावरून बघायच्या. भाऊ म्हणायचा, "एवढा डाव झाला की तुझा." तो डाव पस्तीस वर्षांत संपलेला नव्हता.

बाई कामाला लागल्या. यान फिरवायच्या मोडक्या दांडीच्या जागी व्यायामाच्या जुन्या सायकलीचा गिअरचा दांडा बसला. छापखान्याने मोडीत काढलेला, माळ्यावर पडून असलेला संगणक पेटीच्या पोटात गेला. अडलं ते पडद्यापाशी. टीव्ही दुरुस्तीवाल्याने पाठीमागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि झाकण परत लावलं. बाई समजल्या. त्यांनी वळून दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं.

"बाबांच्या बातम्या?" नवऱ्याने घाईघाईने विचारलं.

"दिसतील की. टीव्ही भिंतीवरून पेटीत जाईल, एवढाच फरक."

खेळातलं यान खालून वर गोळ्या झाडणारं, म्हणून टीव्ही उभा बसवावा लागला. त्याला धरायला पट्ट्या विकत आणाव्या लागल्या असत्या. पण बेसिन चिकटवून उरलेला दोन नळ्यांचा गोंद घरात होता. बाईंनी तो कंजूषपणा न करता वापरला. संगणक सुरू केल्यावर चित्र आडवं आलं, त्यांनी एक बटण दाबलं आणि चित्र उभं राहिलं. बाईंचा पहिला डाव एकोणीस सेकंद टिकला. तरी त्यांचा चेहरा नुकताच प्लास्टर काढलेल्या पेशंटसारखा उजळला होता.

संध्याकाळी सात वाजता सासरे बातम्या बघायला बसले. नवऱ्याने केबलचा डबा जोडला. निवेदिका पडद्यावर आली, ती कुशीवर झोपून. एरवी खालून सरकणारी बातम्यांची पट्टी लिफ्टसारखी वर चढत होती.

"सूनबाई, या बाईंना बरं नाहीये का?"

"सेटिंग आहे बाबा. करते."

पण चित्र उभं करायची सोय संगणकात होती, टीव्हीत नव्हती. नवऱ्याने टीव्ही ओढून बघितला, तर पाठोपाठ सगळी पेटीच पुढे आली.

"राहू दे," सासरे मान उजव्या खांद्याकडे कलती करत म्हणाले. "असं केलं की दिसतंय."

सासऱ्यांनी आजवर सुनेच्या कशालाच नावं ठेवली नव्हती, आणि बाईंची खरी पंचाईत तीच होती. फिरायला जाणारे त्यांचे तीन मित्र रोज बातम्यांना यायचे, कारण एकट्याने बातम्या बघितल्या तर भांडायचं कुणाशी? यजमान मान कलती करून बसलेत म्हटल्यावर तिघांनीही केली. भांडणं तशीच चालू राहिली, फक्त तिरकी.

पाचव्या दिवशी सासऱ्यांची मान सरळ होईना. बाईंनी त्यांना शेक दिला, पट्टा बांधला. सहाव्या दिवशी त्या दवाखान्यात कामावर गेल्या, तर बाहेरच्या बाकावर तिघेही मित्र बसलेले. तिघांच्या माना उजवीकडे, जणू बाकच कलला होता.

हाडांचे डॉक्टर तिघांना तपासून चक्रावले. "एकदम तिघं? आणि एकाच बाजूला? काय करत होतात?"

"फिजिओबाईंकडे बातम्या बघत होतो," एक मित्र म्हणाला. "त्यांचे सासरे चौथे. ते घरीच आहेत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे बाई, पेशंट तुम्ही घरी तयार करता आणि उपचाराला इथे पाठवता?"

ते हसत म्हणाले खरे, पण दुपारपर्यंत कंपाउंडरपासून औषधवाल्यापर्यंत सगळे तेच हसत म्हणत होते. वीस वर्षं माना सरळ करण्यात घालवलेल्या बाईंना ते फार लागलं. "रविवारी येऊन बघतोच," असं डॉक्टरांनी म्हटल्यावर तर त्यांना जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "नवीन टीव्ही आणू." बाई म्हणाल्या, "खिळासुद्धा नाही." थोडा वेळ त्या पेटीकडे बघत राहिल्या आणि शेजारच्या जोडप्याला हाक मारायला गेल्या.

टीव्ही निघत नसेल, तर पेटीच आडवी करायची!

"गुडघ्यात वाका," त्यांनी स्वतःसकट चौघांना आज्ञा सोडली. "कंबर सरळ. श्वास सोडत उचला." पेटी आडवी झाली. सासऱ्यांनी वाकून पाहिलं.

"सूनबाई, आता त्या उलट्या झाल्या."

पेटी चुकीच्या कुशीवर झोपली होती. पुन्हा गुडघ्यात वाकणं, पुन्हा श्वास सोडणं. दुसऱ्या कुशीवर मात्र निवेदिका कधी आजारी नव्हतीच अशी ताठ बसून बोलू लागली. पेटीने स्वयंपाकघराचं निम्मं दार अडवलं, चहाचे कप वरून द्यावे लागले, पण माना सरळ झाल्या. खेळायचं असलं की चौघांनी पेटी उभी करायची, सातच्या आत परत झोपवायची. त्या आठवड्यात बाई बारा हजार गुणांपर्यंत पोचल्या.

रविवारी डॉक्टर आले. सरळ बातम्या, पट्टे बांधलेल्या चार सरळ माना. त्यांनी समाधानाने चहा घेतला. निघताना त्यांची नजर पेटीच्या बटणांवर गेली.

"हा तोच का? वरून दगड येतात तो?"

"हो. थांबा, उभा करून देते. अहो, शेजारी हाक मारा."

"कशाला लोकांना त्रास? बातम्या संपल्यात ना? एकच डाव खेळतो."

डॉक्टर जमिनीवर बसले आणि त्यांनी मान डावीकडे कलती केली.

"डॉक्टर, मान," बाई म्हणाल्या.

"हो, हो," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बायकोचे दोन फोन येऊन गेले. सासरे आणि मित्र त्यांच्या मागे उभे राहून बघत होते. बाई त्यांच्याही मागे.

सोमवारी बाई दवाखान्यात पोचल्या, तर डॉक्टर बाईंच्याच खोलीत तपासणीच्या टेबलावर बसलेले. मान डाव्या खांद्याला टेकलेली.

"दार लावून घ्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आणि बाई, कृपा करून हे बाहेर बोलू नका."

बाईंनी दार लावलं, हात धुतले, त्यांच्या मानेवर नेमक्या जागी अंगठा ठेवला.

"शेवटी किती गुण झाले?"

"सत्तेचाळीस हजार."

बाईंनी अंगठा गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात दाबला.