आबांची सावड

आबा एकट्या माणसाच्या हातचं औषध घेत नसत. डॉक्टर, कंपौंडर आणि नर्स असे तिघं खाटेपाशी उभे राहिले, की मगच तोंड उघडायचं. तोवर दातखीळ.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. जालन्याच्या एका दवाखान्यात माझी खाट आबांच्या शेजारी होती. मी शाळामास्तर, हात मोडून घेतलेला. झाडावर चढणं किती वाईट, हे पोरांना दाखवायला मीच वर चढलो होतो. आबा जवळच्याच खेड्यातले शेतकरी. त्यांच्या डाव्या पोटरीत नांगराचा फाळ घुसला होता. डॉक्टरसाहेब हैद्राबादचे, कंपौंडर विठ्ठलराव इथलेच, आणि नर्स मार्थाबाई.

विठ्ठलराव आणि मार्थाबाईंचं तेव्हा वाकडं होतं. कशावरून, ते त्यांनाही आठवत नसावं. एका सकाळी विठ्ठलरावांनी मला एरंडेल पाजलं. घटकाभरानं मार्थाबाईंनीही पाजलं. मी सांगून राह्यलो होतो की झालंय, पण मास्तरचं ऐकतो कोण! त्या दिवशी मी खाटेवर कमी अन् परसाकडेच जास्त होतो. आबा पोट धरून हसले, मग कुशीवर वळले.

“काळ्या रानात नांगराला सहा बैल लागतेत, मास्तर,” ते म्हणाले. “मह्या घरी चारच. मंग शेजाऱ्याचे दोन घेऊन सावड करतो आम्ही. बैल कुनाचेबी असू द्या, ओढ एक पाहिजे. न्हाई तर फाळ पायात घुसतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं. आधी तिघांनी एकमेकांना सांगायचं, मग औषध. डॉक्टरसाहेब आधी चिडले, जिद्द सोडा म्हणाले, पण आबा बिलकुल हलले न्हाईत. शेवटी तिघं उभे राहिले. आठ दिवसांत सगळ्याच खाटांवरचे लोक तसं मागू लागले. डॉक्टरसाहेब औषध सांगायचे, विठ्ठलराव ते परत म्हणायचे, मार्थाबाई मान डोलवायच्या. पुढं तर विठ्ठलराव मार्थाबाईंना आपल्या डब्यातली चटणी देऊ लागले. आपल्या पोटात काय गेलंय ते तिघांनाही बराबर ठाऊक आहे, एवढ्यावर मला जी झोप लागायची, तशी घरीही कधी लागली न्हाई.

आबांना दोन लेक, दोघं वेगळे निघालेले. सकाळी थोरला भाकरी आणायचा, संध्याकाळी धाकटा. एक आत दिसला, तर दुसरा फाटकाबाहेरच थांबायचा. आबा थोरल्याची अर्धी भाकरी फडक्यात झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी धाकट्याच्या भाकरीबरोबर खायचे. शिळी कशाला खाता म्हणून मी एकदा रागावलो, तेव्हा सगळं कळलं. फाळ लागला त्या दिवशी नांगरावर दोघं लेक आपापल्या जोड्या हाकत होते. बोलणं बंद. एकानं हाकललं, दुसऱ्यानं थांबवलं, आणि मधे बाप.

“पाय भरंल हो,” आबा म्हणाले. “पन आता दोघं एका जागी येतील ते मला खांदा द्यायलाच. अन् ते मला दिसायचंबी न्हाई.”

पुढं डाव्या पोटरीची जखम भरली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी आबा काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊन आले, मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. तिथं तिघंही होते. बराच वेळ कुजबुज चालली.

दुसऱ्या दिवशी दोघा लेकांना निरोप गेला. डॉक्टरसाहेबांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं, “दोनों चाहिए. एक के बस का नहीं.” एका अंगाला भार गेला तर जखम उकलेल, असं विठ्ठलराव म्हणाले. मार्थाबाईंनी थोरल्याला उजवीकडं आणि धाकट्याला डावीकडं धरून उभं केलं. लेक भिंतीकडं बघत राहिले. मग आबांनी दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि तिघं निघाले. फाटकापाशी धाकटा म्हणाला, “दादा, हळू.” थोरल्यानं पाऊल आखडतं घेतलं.

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. कारण आबा चांगलेच लंगडत होते, पण उजव्या पायानं.

विठ्ठलरावांना एकदम खोकला आला. डॉक्टरसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मार्थाबाईंनी त्यात थर्मामीटर खुपसला.