नमुना

नानांकडे शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरच्या हातात ते पहिल्याच दिवशी एक काचेची बाटली ठेवत आणि म्हणत, "नमुना द्या. स्वतःचा. आणि स्वतःच मोजा."

जळगावात नानांचा दवाखाना होता, पुरुषांच्या वंध्यत्वाचा. पाटीवर मात्र फक्त 'मूत्रविकार' लिहिलेलं. आत शिरताना कुणी ओळखीचं भेटलंच, तर माणसाला मुतखड्याचं निमित्त सांगता यावं म्हणून. सासवा सुनांना घेऊन यायच्या. नाना चष्म्यावरून बघायचे आणि सांगायचे, "आधी मालक आणा." मालक आल्याशिवाय ते बाईची नाडीसुद्धा बघत नसत.

मी मोठ्या शहरातून सर्जरीचं सुवर्णपदक घेऊन आलो होतो आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत होतो. नानांनी मला सहा महिने केळीच्या सालीवर टाके घालायला लावले. नसबंदी उलटवून घ्यायला माणसं यायची. सुतळीएवढी नळी, तिच्यातलं भोक दिसेल न दिसेल असं, ते जोडायचं तर हात बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. साली मी फाडायचो आणि केळी मीच खायचो. विद्या किती आली माहीत नाही, वजन पाच किलोने वाढलं.

दोन साली बऱ्या शिवल्या की मी म्हणायचो, हात सुधारला. नाना विचारायचे, "मोजलं का?" टाके किती, अंतर किती. चहा फार गोड झालाय म्हटलं तरी तेच, "मोजलं का?"

बाटलीचं मात्र मी टाळत होतो. आधी सर्दी होती. मग एकादशी होती. मग बाटली हरवली. नानांनी दुसरी दिली. आणि हे चालू असताना बाहेरच्या खोलीत मी पेशंटांना छातीठोकपणे सांगत होतो की यात लाजण्यासारखं काही नाही, हा शरीराचा भाग आहे, हातापायासारखा. वरणगावचा एक कामगार माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, तुमची केली का तपासणी?" मी त्याला औषध वेळेवर घ्यायला सांगितलं.

शेवटी चौथ्या महिन्यात नमुना दिला आणि दुर्बिणीखाली बघितलं. काचेवर जवळजवळ काहीच हलत नव्हतं. मी काच पुसली. दुसरी काच घेतली. दुर्बिणीत बिघाड असावा असं ठरवून दुसऱ्या दुर्बिणीवर मोजलं. तिसऱ्यांदा मोजत असताना नाना मागे येऊन उभे होते हे मला कळलंच नाही. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं, स्वतः बघितलं, आणि चहा सांगितला.

चहा घेताना त्यांनी घरचं विचारलं. शिंदखेड्याला आई आणि बायको कुसुम, लग्नाला चार वर्षं, असं मी सांगितलं. कुसुमचे सोमवार आणि गुरुवार चालू होते. धुळ्याच्या एका डॉक्टरकडे आईने दोनदा तिची पिशवी साफ करून घेतली होती. दोन्ही वेळा मी सुट्टी काढून गेलो होतो, फळं घेऊन.

नानांनी कप खाली ठेवला. आजवर ते मला अहो डॉक्टर म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "दोनदा? आणि तू डॉक्टर?"

मग ते म्हणाले, रविवारी शिंदखेड्याला जाऊ.

सुरत पॅसेंजरमध्ये मी त्यांना बजावून सांगितलं की आईशी मीच बोलणार. घरी पोचल्यावर मी आईशी कापसाबद्दल बोललो. विहिरीच्या मोटारीबद्दल बोललो. मावसभावाच्या नोकरीबद्दल इतकं बोललो की तेवढं आम्ही दोघं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. जेवणं झाली. कुसुम ताटं उचलायला आली तेव्हा नानांनी तिला थांबवलं आणि आईकडे वळून म्हणाले, "अक्का, खोट तुमना पोऱ्यामा शे. वहूमा काहीच नही."

कुसुम हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली. आईने माझ्याकडे बघितलं. मी होकार दिला. चार महिन्यांत केलेलं तेवढंच एक धाडस, तेही मानेने.

आई मग उठली, कुसुमच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला पाट दिला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी तिच्यापुढे वाढून म्हणाली, "बस माय, तू जेव." सगळ्यांना आधी वाढायची आणि आपण शेवटी जेवायची अशी कुसुमची चार वर्षांची सवय होती. ती खाताना रडत होती आणि आई तिच्याकडे न बघता तूप वाढत होती.

निघताना आईने नानांना विचारलं, "भाऊ, तुमले कितला पोरे शेतस?"

नानांनी पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशा आवाजात सांगितलं की मूल झालं नाही, आणि बायकोला जाऊन आठ वर्षं झाली. आईने चार भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला.

माझ्या अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन पुढे नानांनीच केलं. मुलगी झाली, पण ती तीन वर्षांनी.

त्या रविवारी परतीच्या गाडीत आम्ही दोघेच समोरासमोर होतो. नाना फडकं मांडीवर घेऊन बसले होते. अमळनेर मागे पडलं तसे ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर, दिवाळीला मी तुमच्याकडे आलो तर घरी चालेल का?"

शेकडो माणसांना खडसावून बोलणाऱ्या त्या माणसाला एवढं विचारायला दोन स्टेशनं लागली होती. मी म्हटलं, या ना.

दिवाळीला नाना चार दिवस आधीच आले.