घरातली करकर

मी एकदा मनावर घेतलं की मागं सरत न्हाई! निलंग्यात कुणालाबी विचारा, रामलिंगअप्पा कसा माणूस हाय? सगळे एकच सांगतील, "लई हट्टी!" आमची मंडळी सिंधु त्या 'हट्टी'च्या पुढं आणखी दोन शब्द लावती, पण ते चारचौघांत सांगण्यासारखे न्हाईत.

तर झालं असं. पोरगी तनुजा मागच्या वर्षी देगलूरला दिली. जावई प्रीतम शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं. त्यात हा पहिलाच धोंडा! मी इवायाला, म्हणजे जावयाच्या वडलाला, मोठ्या हौसेनं फोन लावला. चन्नबसप्पा इवाई तसा गोड माणूस, पण बोलतो मोजकं.

"येतो की," ते म्हणले. "पण राग मानू नका, एक सांगतो. दिवाळीला तुमच्या घरी रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. नुसती करकर! यंदा ती करकर बंद होत असंल तरच येतो. न्हाईतर पोराला हितंच जेवू घालतो."

फोन ठेवला आणि माझं तोंड एवढंसं झालं. पहिला धोंडा आणि जावई आपल्या घरी जेवणार न्हाई? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?

मी कान टवकारून घरभर फिरलो. आणि खरं सांगतो, इवाई खोटं बोलत नव्हता! फाटक उघडलं, कर्रर्र! त्या आवाजावर तर सिंधु माझा चहा ठेवायची. दार ढकललं, कुईंई! इवाई दिवाळीला झोपला होता तो लोखंडी पलंग, नुसतं बघितलं तरी कुरकुरायचा! खुर्ची सरकवली की शहाबादी फरशी अशी किंचाळायची की दात आंबायचे.

"सिंधु!" मी ओरडलो. "इवाई यायच्या आत या घरातला एकबी आवाज जिता ठेवणार न्हाई!"

"आधी आपला आवाज कमी करा," ती म्हणली.

मी तिकडं ध्यान दिलं न्हाई. घाण्यावरून आणलेला करडईच्या तेलाचा डबा उचलला आणि कामाला लागलो. फाटक, दारं, कड्या, खिडक्या, कपाटाचे कब्जे म्हणजे बिजागऱ्या, काही म्हणून सोडलं न्हाई. पलंगाच्या आणि खुर्च्यांच्या पायांना मेणबत्ती घासली. फरशीला तेलाचा बोळा असा फिरवला, असा फिरवला, की तिच्यात तोंड बघून दाढी करावी! सिंधु पदर खोचून आली.

"अहो, काय करून राहिलात? पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी मारून खरबरीत करतो ना? न्हाईतर चटणी वाटली जाती का? जरा खरबरीत असावं लागतं माणसाच्या घरात!"

"इवायाला काय पाट्यावर वाटायचं हाय का?" मी म्हणलो. यावर तिनं कपाळाला हात लावला.

शेवटी स्कूटर राहिली. ब्रेक दाबला की ती चीं करून अशी ओरडायची की गल्लीतली कुत्री मागं लागायची. दोन्ही चाकांच्या ब्रेकात तेल सोडलं. चीं बंद! मी खूश! चालवून बघायचं मात्र ध्यानातच आलं न्हाई.

पाहुणे यायच्या दिवशी ती स्कूटर घेऊन मी स्टँडवर गेलो; तिथं चढ हाय, ती आपसूकच थांबली. देगलूरची एसटी आली. तनुजा आणि जावई पिशव्या घेऊन ऑटोत बसले. इवाई म्हणले, "मी आपला इवायासंगं स्कूटरवर येतो." मला तर आभाळ ठेंगणं झालं!

रस्त्यानं गर्दी नव्हती, ब्रेक लावायची गरजच पडली न्हाई. आमची गल्ली जरा उताराची हाय. गल्लीत वळलो तर दारात सिंधु उभी, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, ओवाळून टाकायला. मी ऐटीत ब्रेक दाबला.

आवाज आला न्हाई. एकदम झकास! पण स्कूटरबी थांबली न्हाई.

"अहो, हितं! हितं!" आमच्यासंगं तोंड फिरवत सिंधु ओरडली.

"घर मला ठावं हाय! स्कूटरला सांग!"

"इवाई," मागून चन्नबसप्पा शांतपणे म्हणले, "घर मागं गेलं वाटतं."

"थांबंना झालीय!"

"अय्यय्यो!" म्हणून त्यांनी माझ्या पोटाला अशी मिठी मारली की सकाळचा चहा वर आला. मी पाय घासले, चप्पल गेली. गल्लीच्या टोकाला शेजारच्या सरजाबाईची कडब्याची गंजी होती. बिचारीचे उपकार! आम्ही दोघं गंजीत कमरेइतके घुसलो तवा कुठं स्कूटर थांबली.

इवायाच्या टोपीत कडबा, मिशीत कडबा. ते म्हणले, "उतरू का आता?"

"उतरा की! पण इवाई, एक बघितलं का? ब्रेक अजिबात वाजला न्हाई!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं माणूस भारावला!

चालतच घरी आलो. तवर ऑटोबी आला होता. सिंधुनं सगळ्यांवरून भाकरतुकडा ओवाळला, मी इवायाला हाताला धरून पलंगाकडं नेलं. आता खरी परीक्षा होती.

"बसा! जोरात बसा! बघा वाजतो का!"

थकलेला माणूस, धपकन् बसला. पलंग वाजला न्हाई. पलंग निघाला! फरशीवरून सरळ समोरच्या भिंतीपर्यंत! इवायानं पाय वर घेतले, दोन्ही हातांनी कड धरली, आणि भिंतीवर धडकून पलंग परत माघारी आला. ते घाईनं उतरायला गेले, तर पलंग मागच्या मागं सटकला आणि इवाई फरशीवर बसले!

"साकु! साकु!" ते ओरडले. म्हणजे कानडीत 'पुरे, पुरे'.

त्यांना उठवायला जावई धावला. तोबी बसला. त्याला उठवायला मी गेलो. आम्ही तिघं फरशीवर मांडी घालून बसलो, पंगतच म्हणा ना!

"मामा," जावई म्हणला, "फरशीला घर्षणच उरलं न्हाई!"

मला वाटलं तारीफ केली. "मग! गुडघे दुखले घासून घासून!"

"तसं न्हाई मामा. घर्षण हाय म्हणून माणूस चालतो, गाडी थांबते, भांडं हातात राहतं. फार झालं की झिजवतं, अजिबात न्हाई म्हणलं की हे असं होतं." वर्गात सांगावं तसं तो सांगून राहिला होता, फक्त बसून.

एवढ्यात सैपाकघरातून सिंधुची हाक आली. "अहो! अनारसे तळायचेत, करडईच्या तेलाचा डबा कुठाय?"

मी बसल्या बसल्या फरशीकडं बघितलं.

"अहो, मी इचारून राहिले! डबा?"

"हितंच हाय," मी फरशीवर हात फिरवत म्हणलो. "सगळा."

ती बाहेर आली. फरशी बघितली, दारं बघितली. मग जे सुरू झालं! मी म्हणलो, तुझ्याच पोरीच्या संसारासाठी केलं. ती म्हणली, पोरीचा संसार दाराच्या कब्ज्यात हाय का? मी म्हणलो, इवायाला करकर चालत न्हाई! ती म्हणली, मग इवायालाच तेल लावायचं!

"हीच!" एकदम चन्नबसप्पा ओरडले. "हीच ती करकर!"

आम्ही थांबलो. "कुठली?"

"अहो, दिवाळीला मला उशी कुणी द्यायची, यावरून तुम्ही दोघं रातभर भांडलात! उशी शेवटपर्यंत आलीच न्हाई! मी दाराचं नव्हतो म्हणत इवाई, तुमचं म्हणत होतो!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण धरणीबी तेलकट! तनुजा पदर तोंडात कोंबून हसून राहिली होती. "अप्पा, मला इचारायचं तरी!"

पण मी हट्टी माणूस. सिंधुला कोपऱ्यात घेतलं. "पाहुणे जाईपर्यंत शबुद न्हाई!" तिनं मान डोलवली. तीबी माझीच बायको, कमी न्हाई! सरजाबाईकडून उसनं तेल आणून तिनं मुक्यानं अनारसे तळले. मी मुक्यानं पाट मांडले. ती मुक्यानं वाढू लागली. मी तूप म्हणून बोट दाखवायचो, ती डोळ्यांनी 'दिसतंय मला' म्हणायची. जावई खाली मान घालून एकाच धोंड्याचे तुकडे करत बसला.

चन्नबसप्पानं हातातला घास ताटात ठेवला.

"हे धोंड्याचं जेवण हाय का दुखवट्याचं?" ते म्हणले. "पोरगं जेवंना, माझा घास उतरंना. करा बाबा, थोडी करकर करा!"

सिंधु जणू त्याचीच वाट बघत होती. "डबाभर तेल दारांना घातलं, तेवढं जिभेला घातलं असतं तर!"

"तुझ्या जिभेला एक डबा पुरला असता का?"

जावई खो खो हसला आणि म्हणला, "आत्या, आणखी एक धोंडा वाढा." इवायानं तर तुपाची वाटीच जवळ ओढली. पहिला धोंडा आमच्या घरी झाला, पोटभर झाला, आणि जाताना इवाई म्हणले, "दिवाळीला येतो. उशी आमची आम्ही आणतो."

ते एसटीत बसले, मी ब्रेक नीट करून आणले, फरशी सोड्यानं धुतली. सगळं जागेवर आलं, एक सोडून. फाटक काही केल्या वाजंना! मी बाहेरून आलेलं सिंधुला कळंना आणि माझा चहा बंद पडला. पण मी मागं सरणारा माणूस न्हाई! हल्ली फाटक ढकलताना मी तोंडानंच 'कर्रर्र' करतो. चहा येतो. कालपासून मात्र सरजाबाईची नातवंडंबी फाटकाशी येऊन 'कर्रर्र' करून राहिलीत, आणि माझा चहा ती पिऊन जातात!