घण, हातोडी आणि एक माणूस

सरकारी चष्म्यात झुंबराबाई पवार आणि तिचा वारलेला नवरा नारबा मिळून एकच माणूस निघालं. त्यातलं अर्धं माणूस हजर होतं, म्हणून कचेरीनं तिला हाकलून दिलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उरलेलं अर्धं येईपर्यंत बसायला सांगितलं.

कचेरी चष्म्याच्या आत होती. बाहेर तालुक्याच्या गावी नुसती एक खोली, खुंट्यांना टांगलेले चष्मे आणि कुरकुरणारा पंखा. चष्मा डोळ्यांवर चढवला की आत टेबलं, कपाटं, साहेब, सगळं. तिथं माणूस ओळखायचं ते अंगाच्या हालचालीवरून. आत तोंड काय, कुणीही कुणाचंही लावून येतं. पण कमरेची लवण आणि हात उचलायची ढब उसनी मिळत नाही. झुंबराबाईला हे मनापासून पटलं होतं. घण मारमारून तिचे अंगठे असे गुळगुळीत झाले होते की अंगठ्याच्या यंत्रानं तिला कधी माणसात धरलंच नव्हतं.

घोळ झाला तो नोंदणीच्या दिवशी. नोंदणीवाल्या बाई रस्त्याकडेच्या पालावर आल्या तेव्हा भट्टीतलं लोखंड लाल झालं होतं, आणि लाल लोखंड टाकून घिसाडी उठत नाही. "चालू द्या तुमचं, मी तसंच टिपते," बाई म्हणाल्या. नारबानं बसल्या बसल्या सांडशीत फाळ धरला, हातोडीनं टिंग करून जागा दाखवली, आणि झुंबराबाईनं उभ्यानं तिथंच घण घातला. टिंग, धाड. टिंग, धाड. बाईंनी एक माणूस टिपलं आणि पुढच्या पालावर गेल्या.

आता नव्या वसाहतीत बांधलेली घरं मिळत होती. झुंबराबाईचा जन्म पालात गेला होता. आतून कडी लावता येईल असं एक दार तिला मरायच्या आधी हवं होतं, आणि आज वाटपाचा शेवटचा दिवस होता.

"आजी, पुन्हा एकदा घण मारून दाखवा," टेबलामागचे डहाळे साहेब म्हणाले. माणूस बरा होता.

झुंबराबाईनं चष्म्यातला घण उचलला. तो डोक्यावर जाऊन थांबला.

"मारा की."

"मारते. आधी त्यांनी जागा नको का दाखवायला?"

"हेच ते. तुमची हालचाल त्यांच्यापासून सुरू होते. त्यांना घेऊन या."

"कुठनं आणू? गेल्या शिमग्याला वारले ते."

"आमच्याकडे नाही वारले. माणूस अर्धं मयत धरता येत नाही, आजी. धरायचं तर दोघं जिवंत, नाहीतर दोघं मयत."

"मी तुमच्यापुढं बडबडतीय न्हवं?"

"म्हणून तर त्यांनाही जिवंत धरलंय."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "एक वाट आहे. टिंगची वाट न बघता आधी घण मारा. मग हालचाल पुरी तुमची, माणूस पुरं तुम्ही, घर तुमच्या नावावर."

"आन् ते?"

"ते मग आजपासून नसतील."

झुंबराबाईनं चष्मा काढला. बाहेर बाकावर बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हो, झालं का काम?"

"व्हतंय. पर नवऱ्याला मारावं लागतंय."

"अगंबाई! जिता हाय?"

"आतमंदी हाय," झुंबराबाई म्हणाली. पदर तोंडावरून फिरवून तिनं चष्मा पुन्हा चढवला. घण उचलला तो रागानंच.

"ऐका हो," ती डावीकडच्या मोकळ्या जागेला म्हणाली. "जन्मभर तुमी बसून टिंग केलं आन् मी उभ्यानं घाव घातले. खांदा माझा गेला आन् गावभर नाव झालं नारबाच्या फाळाचं. म्या कधी तोंड उघडलं? आज मी आधी मारनार. तुमाला यायचं तर मागनं या. मारायला न्हाई आले मी तुमाला."

घण खाली आला. धाड.

झुंबराबाई वाकलेली तशीच राहिली.

मग डावीकडून, जमिनीलगत, टिंग झालं. जरा उशिरा, सवय मोडलेल्या माणसासारखं.

"तरी म्हनलं," झुंबराबाई पुटपुटली आणि तिनं पुन्हा मारला. धाड, टिंग. धाड, टिंग.

डहाळे साहेबांनी विचार केला. "बसतंय नियमात. घण आधी पडला, म्हणजे अर्जदार तुम्ही. मागून वाजलं ते सोबत आलेलं माणूस. सोबत्यांना वसाहतीत राहायला मनाई नाही." त्यांनी घर झुंबराबाई पवार या नावावर चढवलं. "ते उभे आहेत का?"

"ते कधी उभं राहिलेत कामाला? गुडघे धरलेत त्यांचे."

साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि आणखी एक पाणी सांगितलं, खाली ठेवायला.

त्याच संध्याकाळी झुंबराबाईनं नव्या घराचं कुलूप उघडलं. आधी ती स्वतः आत गेली. मग दार धरून उभी राहिली. नारबाला उंबरा ओलांडायला जरा वेळ लागला. तो आत आल्यावर तिनं कडी लावली.